दुसऱ्या हातचं

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच माझ्याविषयी चांगलं मत करून घ्यायला नको. दिवाळी अंकवाल्या ताई फोनवर म्हणाल्या, "लहान मुलांना घरी शिवण शिकवता, किती गोड अनुभव असतील तुमच्याकडे!" मी म्हटलं, "गोड म्हणून कोणी सांगितलं तुम्हांले?" त्या नुसत्या हसल्या. मला वाटलं, माझंच काहीतरी लिहून घेऊन हसायचा बेत दिसतो हिचा. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट मनात ठसठसते आहे आणि ती कुणाला तोंडी सांगायची मला लाज वाटते.

केनवडात माझं शिलाईचं काम पस्तीस वर्षं चाललं. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस. मग डोळे अधू झाले, मशीनचं पायडल मारताना गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा गिऱ्हाइकांचे कपडे बंद केले. त्याच उन्हाळ्यात शेजारची म्हणाली, "काकू, पोट्टे दिवसभर मोबाइलात डोकं घालून बसतेत. त्याईले शिवणं शिकवा ना." मी लगेच ओळखलं, हिला पोराला शिवण शिकवायचं नाही, दुपारची झोप पाहिजे. आलेल्या दहापैकी आठ आयांचं तेच होतं. मी तोंडावर तसं म्हणूनही दाखवलं. त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पोरं पाठवून दिली. सात वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची, मुली जास्त, दोन-तीन मुलगे.

लहान पोरांना शिवण शिकवायचं म्हणजे आधी टाका नाही शिकवायचा. आधी सुई सांभाळायला शिकवायचं. रांगतं लेकरू असलेल्या घरातली हरवलेली सुई काय करू शकते, हे मी पोरांना असं रंगवून सांगते की दोघं-तिघं रडतातच. रडू देत. माझ्याकडं प्रत्येकाच्या सुईत वेगळ्या रंगाचा दोरा असतो. आल्यावर सुया मोजून द्यायच्या, जाताना मोजून घ्यायच्या, सुई घरी न्यायची नाही. आणि सुई कुणाच्या हातात हात लावून द्यायची नाही, खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. हातोहात सुई दिली की भांडण होतं, असं माझी माय म्हणायची. मी पोरांना सांगते की टोचते म्हणून. खरं कारण सांगितलं तर घरी जाऊन मोबाइलवर तपासतील.

एकदा मोजणीत एक सुई कमी भरली. पिवळ्या दोऱ्याची. मी दार लावून घेतलं, सतरंजी झटकली, सगळ्यांचे खिसे उलटे केले, एका पोरीची वेणीसुद्धा सोडून पाहिली. पाऊण तास गेला. बाहेर आया येऊन उभ्या. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "काकू, तुमच्या पदराले पिवळं काय लोंबून राह्यलं?" माझ्याच पदरात खोचलेली होती. पोरं लोळून हसली. मी आजही म्हणते, ती मी खोचली नव्हती. कोणीतरी खोचली.

आता मी अशी का झाले, तेही सांगते. शिलाईवाल्याकडं जग चोर म्हणूनच पाहतं. कापड दिलं की बाईच्या डोळ्यांत तेच असतं, हिनं किती खाल्लं असेल? एक बाई तर ब्लाऊजपीस घेऊन आधी किराणा दुकानात गेली आणि काट्यावर वजन करून मग माझ्याकडं आली. म्हणाली, "चिंध्या बी वापस पाहिजेत हो काकू." मी सगळ्या चिंध्या पिशवीत भरून ब्लाऊजसोबत दिल्या. ती परत काट्यावर गेली. वजन वाढलेलं निघालं! अस्तर लावलं होतं, हूक लावले होते, वाढणार नाही तर काय होणार? पण बाई तरातरा परत आली. "खरं सांगा, यात भर काय घातली?" कमी भरलं असतं तर चोर ठरले असते, जास्त भरलं तर काय ठरले ते तिलाही सांगता येईना. पस्तीस वर्षं अशा नजरा झेलल्यावर माणूस तीच नजर उचलतं. मी उचलली.

आणि एक गोष्ट मला खरंच येते, त्याची मला घमेंड होती. टाका पाहून मी हात ओळखते. तुरपाई म्हणजे कापडाची कड दोनदा दुमडून आतल्या बाजूनं बारीक टाके घालत बसवायची, वरून काही दिसू द्यायचं नाही. आतून मात्र टाके एका अंगाला कललेले दिसतात. कुणाचे लांब, कुणाचे आखूड, कुणी दोरा जास्त ओढतं आणि कापडाला सुरकुत्या पाडतं. प्रत्येकाचं वेगळं. सहीसारखं. एकदा पायल नावाच्या पोरीनं रुमाल आणला, चारही बाजू कशा रेषेत! मी पाहिलं, तर टाका गोधडीचा. लांब, घट्ट, तीन टाके एकदम सुईवर घेऊन ओढलेला. मी म्हटलं, "पायल, तुही आजी बरी हाय ना वं?" ती म्हणाली, "हाव. तुमाले कसं मालूम आजीनं शिवलं ते?" तिचं तिलाच कळलं आणि ती जीभ चावून बसली. गावात ही गोष्ट झाली. आया म्हणायला लागल्या, काकूच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. मला बरं वाटायचं. मी खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत दुर्गा आली. नऊ वर्षांची, काळीसावळी, कमी बोलणारी. तिच्या घरचे बागायतवाले. गावाबाहेर विहिरीवर त्यांची सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, मेथी असते. आई, निर्मला, बाजारात बसते. दुर्गाला मी पहिल्या दिवसापासून हळू पोरगी म्हणून धरलं होतं. तिचा टाका मोठा, वाकडातिकडा, सुई चारदा हातातून पडायची. पण ती उठायची नाही. बाकीची पोरं पाणी प्यायच्या निमित्तानं अंगणात पळायची, ही तिथंच मान खाली घालून बसलेली असायची. मला त्याचाही संशय यायचा. एवढं बसून करते, तरी काही येत कसं नाही?

वैशाखात तिला भाऊ झाला. चार बहीणभावंडांत पहिला मुलगा, घरात आनंदीआनंद. दुर्गा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काकू, मले झबलं शिवाचं हाय. बारशाले घालाले."

"तुले येते का तुरपाई?"

"करीन."

मऊ पांढरं कापड मी कापून दिलं, खांद्याच्या टिपा मशीनवर मारून दिल्या. खालचा घेर तिनं हातानं तुरपायचा, एवढंच काम. दोन दिवसांत माझ्यासमोर बसून तिनं वीतभर केलं, आणि ते पाहून मला वाटलं, या वेगानं केलं तर हिचा भाऊ लग्नात घालेल हे झबलं. बारसं चार दिवसांवर आलं. दुर्गा म्हणाली, "काकू, घरी नेऊ द्या ना." सुई घरी न्यायची नाही हा माझा नियम. पण तिनं असं तोंड केलं की मी पुठ्ठ्यात सुई खोचून दिली आणि दहा वेळा बजावलं. ती गेल्यावर मनात पाल चुकचुकलीच, की आता हे कोणाच्या हातचं होऊन येतं ते पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती झबलं घेऊन आली. सुई पुठ्ठ्यात, जशीच्या तशी. सगळी पोरं सतरंजीवर बसली होती. मी झबलं उलटं केलं आणि घेर पाहिला. पहिली वीतभर दुर्गाची. लांब, ओढलेली, सुरकुतलेली. तिथून पुढं काय सांगू! बारीक, एकसारखे टाके, मोहरीएवढे. आणि कललेले उलट्या अंगाला. इथली वीतभर एकीकडं झुकलेली, पुढचं सगळं दुसरीकडं. पस्तीस वर्षांत मी एका कडेला असे दोन हात लागलेले कधी पाहिले नव्हते.

"हे कोनं केलं?" मी विचारलं.

"म्या."

"एवढं तुहं हाय, ते मले दिसून राह्यलं. मी पुढच्याचं विचारून राह्यली."

"ते बी म्याच केलं काकू."

"दुर्गे, वर पाय. खरं सांग. हे दुसऱ्या हातचं हाय का नाई?"

तिचा चेहरा उतरला. आपल्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग हळूच म्हणाली, "हाव काकू. दुसऱ्या हातचं हाय."

"मंग मघा काहून म्हटलं म्याच केलं म्हून?"

"म्याच केलं ना, पण..."

"बस झालं," मी म्हटलं. आणि माझ्या हातात ब्लेड होतं. मी सगळ्यांसमोर त्या घेराचा दोरा कापला आणि ते मोहरीएवढे टाके एकेक करून उसवले. पोरांना धडा मिळावा म्हणून हळूहळू उसवले. दुर्गा रडली नाही. उसवून झाल्यावर तिनं फक्त विचारलं, "आता भावाले बारशाले काय घालू?"

मी म्हटलं, "दुकानात भेटते." असं म्हणाले मी. नऊ वर्षांच्या पोरीला.

झबलं मी परत दिलं नाही, पुराव्याला ठेवून घेतलं. पुरावा लागलाच. दुपारी निर्मला आली, ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, तशीच चालत. दारातूनच म्हणाली, "काकू, माह्या पोरीनं काय चोरलं तुमचं?"

"चोरलं नाही. खोटं बोलली. टाके तुहे हायेत."

"माहे?" ती हसलीच. "मले सुईत दोरा ओवता येत नाही, काकू."

मी सुई आणि दोरा तिच्यापुढं ठेवला. हातात नाही दिला, ठेवला. ती बसली, दोरा ओला केला, डोळे बारीक केले, पाच-सहा वेळा हुकली. माझ्या मनात काय आलं असेल? नाटक करून राह्यली. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं. सुई खाली ठेवून उठली. म्हणाली, "पोरगी तुमच्याकडं महिनाभर एका जागी बसली, घरी एका जागी बसत नाही. मले वाटलं होतं, कायीतरी शिकन." जाताना पायरीवर थांबून तिनं श्वास घेतला, मग गेली. दुर्गा पुन्हा आली नाही. मी पोरांना सांगितलं, पाहा, खोटं बोललं की असं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी आठवडी बाजारात गेले. निर्मलाच्या दुकानावर जायचं नव्हतं, पण सांबार ताजा तिच्याकडंच दिसत होता. मी दोन दुकानं अलीकडं थांबून अंदाज घेतला. निर्मला गिऱ्हाइकाशी बोलत होती, मांडीवर लेकरू. मागं गोणपाटावर बसून दुर्गा मेथीच्या जुड्या बांधत होती. उजव्या हातानं काड्या धरायची, आणि डाव्या हातानं सुतळीचा वेढा, गाठ, टोक आत. मी पाहेपर्यंत तीन जुड्या झाल्या. सगळ्या एकसारख्या, आणि सगळ्यांचे वेढे उलट्या अंगानं फिरलेले.

मी तिथंच उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "सरका ना मावशी." मला सरकता येईना.

दुसऱ्या हातचं. मी विचारलं होतं, हे दुसऱ्या हातचं आहे का, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातचं. आणि ती पोरगी खरं बोलली होती. दुसऱ्या हातचंच होतं ते. तिच्याच दुसऱ्या हातचं. मग एकदम आठवलं, पहिल्या दिवशी तिनं सुई डाव्या हातानं उचलली होती. मी तिच्या मनगटावर टिचकी मारून म्हटलं होतं, "या हातानं नाई वं बाप्पा, चांगल्या हातानं धर." आणि विसरून गेले होते. माझ्यासमोर ती महिनाभर चांगल्या हातानं वाकडे टाके घालत बसली, आणि घरी भावासाठी कुणी पाहत नसताना आपल्या हातानं सरळ घातले. टाका पाहून हात ओळखणारी मी! माझ्या घरात डाव्या हातात सुई कुणाला धरूच दिली नव्हती, तर तो टाका ओळखणार कशी?

मी पुढं झाले. "दुर्गे," म्हटलं. तिनं वर पाहिलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर डावा हात पाठीमागं नेला.

निर्मलाला मी भर बाजारात सांगितलं, मी चुकली. ती काही वेळ मेथीवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "मले तिनं त्याच राती सांगतलं, काकू. म्या तिलेच बोलली, डावरी कुठची म्हून. म्हटलं, डाव्या हातानं केलं म्हून काकूले खोटं वाटलं." म्हणजे त्या घरातही तिचाच गुन्हा ठरला होता. "आता ते पोरगी सुईले हात लावत नाई," निर्मला म्हणाली.

घरी येऊन मी पुराव्याचं झबलं काढलं. उसवलेल्या टाक्यांची भोकं कापडात तशीच होती, ओळीनं, बारीक. दोरा नव्हता तरी कल दिसत होता. मी खूप रडले. नंतर दोन दिवस मुलांचा वर्ग बंद ठेवला, ताप आला म्हणून सांगितलं. मग नवं कापड काढलं आणि मोठ्या मापाचं झबलं कापलं, कारण तिचा भाऊ आता जुन्यात मावला नसता.

त्यांच्या विहिरीवर गेले तेव्हा दुर्गा बाजेवर बसून झोळीतल्या भावाला झोका देत होती. मला पाहून उठली. मी तिच्यापुढं बाजेवर कापड ठेवलं, सुई ठेवली, दोरा ठेवला. म्हटलं, "मी खोटं बोलली. तू खरं बोलली होती. आता हे शिव, तुह्या हातानं." तिनं आईकडं पाहिलं. निर्मला म्हणाली, "शिव ना." दुर्गानं सुई उचलली. उजव्या हातानं.

"डाव्यानं, माय. डाव्यानं धर."

तिनं सुई डाव्या हातात घेतली, आणि माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी ओळखली. किराणा दुकानाच्या काट्यावरून परत आलेल्या बाईची नजर. हिच्या मनात काय आहे, यात काही फसवणूक तर नाही? सुई हातात धरून तशीच थांबली. एक टाका घातला, तो वाकडा आला. तिनं पटकन माझ्या हातांकडं पाहिलं, ब्लेड आहे का म्हणून.

मी दोन्ही तळवे उघडून दाखवले. तिचा विश्वास बसला नाही.

"तुमी पाहून राह्यल्या म्हून चुकते," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "तुमी तिकडं तोंड करा."

"कुठं?"

"तिकडं. विहिरीकडं. आन मी सांगन तवाच इकडं पाहा."

पस्तीस वर्षं आणि वर दोन उन्हाळे मी दुसऱ्याच्या हातावरची नजर काढली नव्हती. मी बाजेवर वळून बसले, पाठ तिच्याकडं. समोर विहीर, पालकाचे वाफे, पलीकडं निर्मलाचं पाणी देणं चाललेलं. मागून काही आवाज नाही. मला वाटलं, शिवत नाही, उठून गेली असेल. मान वळवायची इतकी इच्छा झाली की मी बाजेची दोरी घट्ट धरली. मग कापडातून दोरा सरकल्याचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"दोरा लई लांब तं नाई ना घेतला?" मी न राहवून विचारलं.

"पाहू नका ना, काकू!"

"नाई पाहत," मी म्हटलं. आणि नाही पाहिलं.